आधी कोण बुडाले?

बँकेत छत्तीस वर्षे दुसऱ्यांचे पैसे मोजण्यात गेली, म्हणून असेल कदाचित, पण पैसे लावून पत्ते खेळण्याची हौस मला कधी झाली नाही. गणपतीच्या जागरणाला मेंढीकोट, दिवाळीत रमी आणि तीही चिंचोक्यांवर. याच्या पुढे माझी मजल गेली नाही. असा मी २०२३च्या जूनमध्ये लास व्हेगासच्या एका हॉटेलातल्या पत्त्यांच्या हॉलमध्ये, कठड्याला टेकून, सलग दोन तास उभा होतो. आत माझा भाचा खेळत होता. तो ॲरिझोनात सॉफ्टवेअरची नोकरी करतो आणि वर्षातून एकदा, बायकोला सांगून, पोकरच्या एखाद्या लहानशा स्पर्धेत भाग घेतो. ‘मामा, तुम्ही कादंबऱ्या लिहिता, हे एकदा बघाच,’ असे म्हणून त्याने मला बरोबर घेतले होते.

दोनशे डॉलर प्रवेश फी भरून सकाळी सुमारे दोनशे माणसे बसली होती. संध्याकाळी त्यातली अठ्ठावीस उरली. बक्षिसे सत्तावीस जणांना होती. म्हणजे आता जो पहिला बाहेर जाईल तो रिकाम्या हाताने जाणार आणि त्याच्यानंतर जाणाऱ्याला निदान साडेतीनशे डॉलर मिळणार. या टप्प्याला ते लोक ‘बबल’ म्हणतात. बुडबुडा. तो फुटेपर्यंत हॉलमध्ये बोलणेसुद्धा दबक्या आवाजात चालते.

आणि तो फुटला तो नेमका भाच्याच्या टेबलावर. त्याच्याकडे राण्यांची जोडी होती, डाव्या हाताच्या शेजाऱ्याकडे एक्का आणि राजा, आणि समोरच्या टोपीवाल्या बाईंकडे नव्वांची जोडी. तिघांनी सगळे लावले. टेबलावर तिसरा नव्वा उतरला. बाईंनी दोघांचेही सगळे ओढून घेतले. काळ्या सुटातला एक माणूस आला, डीलरशी दोन वाक्ये बोलला, चिप्सच्या चळती मोजल्या आणि निकाल देऊन निघून गेला.

भाचा उठून बाहेर आला. ‘अठ्ठाविसावा, मामा.’

‘आणि तो?’

‘सत्ताविसावा. त्याला साडेतीनशे मिळतील.’

‘पण तुम्ही दोघं एकाच डावात गेलात ना?’

‘हो. पण डाव सुरू झाला तेव्हा त्याच्याकडे त्रेचाळीस हजार चिप्स होत्या. माझ्याकडे एकेचाळीस.’

माझ्या डोक्यात तिडीक गेली. दोघे एकाच क्षणी कफल्लक झाले, दोघांच्या हाती शून्य राहिले, तरी ज्याच्याकडे मघाशी जास्त होते तो वरच्या नंबराने बुडाला. आम्ही बँकवाले असल्या न्यायाला चांगले ओळखतो, असे काहीसे मी बोललोही. भाचा हसला. त्याला त्यात काहीच वावगे वाटत नव्हते. मला मात्र ती गोष्ट पुढे बरेच दिवस पुरली, आणि विचार करता करता माझे मत बदलत गेले. पूर्ण बदलले असे नाही.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. स्पर्धेच्या पोकरमध्ये चिप्सना रोख किंमत नसते. प्रवेश फी भरली की सर्वांना सारख्या चिप्स मिळतात. त्या संपल्या की माणूस उठला. त्यामुळे नंबर लागतात ते शेवटून. जो सर्वांत आधी बुडेल तो दोनशेवा, त्याच्या पुढचा एकशेनव्व्याण्णवावा. तुम्ही किती डाव जिंकलात याला अर्थ नाही. तुम्ही कधी बुडालात तेवढेच लिहून घेतले जाते. (आपल्याकडे ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तेव्हा हा लेख वाचून कोणी मोबाइल हातात घेऊ नये.)

गंमत अशी की सुरुवातीला नंबराचा प्रश्नच नव्हता. या खेळाची सर्वांत मोठी स्पर्धा म्हणजे ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’. ती लास व्हेगासच्या हॉर्सशू या जुगारघरात बेनी बिनियन याने १९७०मध्ये भरवली. त्या वर्षीचा विजेता जॉनी मॉस चक्क मतदानाने निवडला गेला. खेळाडूंनीच ठरवले की आपल्यात श्रेष्ठ कोण. दुसऱ्या वर्षी, १९७१मध्ये, एकजण उरेपर्यंत खेळायचे असे ठरले, आणि तेव्हाही मॉसच जिंकला. मतदारांची पारख वाईट नव्हती म्हणायची! पण बक्षीस सगळे एकालाच मिळायचे. त्यामुळे दुसरा कोण आणि सातवा कोण याची कोणी फिकीर केली नाही. १९७८पासून बक्षीस वाटून देण्याची पद्धत आली, आणि त्याबरोबर मागच्यांच्या क्रमालाही किंमत आली. २०२४च्या मुख्य स्पर्धेत दहा हजार डॉलर भरून १०,११२ जण बसले होते आणि सर्वांत खालचे बक्षीस पंधरा हजार डॉलर होते. इतक्या गर्दीत दोघे-तिघे एकदम बुडणे नवलाचे नाही. मग नियम लागतोच.

वर्ल्ड सिरीजच्या नियमावलीत तो आहे, आणि भाच्याच्या त्या लहान स्पर्धेतही तोच होता. एकाच टेबलावर एकाच डावात दोघे बाद झाले, तर डाव सुरू होताना ज्याच्याकडे जास्त चिप्स होत्या त्याचा नंबर वर.

का? माझ्या मनातली पहिली शंका हिशेबाची होती. तिघांनी सगळे लावले, पण भाच्याकडे एकेचाळीसच हजार होते. म्हणून प्रत्येकाचे एकेचाळीस हजार मिळून एक मोठा ढीग झाला, एक लाख तेवीस हजारांचा. त्यात तिघांचा हक्क. उरलेले शेजाऱ्याचे दोन हजार आणि बाईंचे दोन हजार हा वेगळा, छोटा ढीग, त्यात फक्त त्या दोघांचा हक्क. मी म्हटले, ठीक आहे, आधी मोठ्या ढिगाचा निकाल लागला असेल, भाचा गेला. मग छोट्याचा लागला, शेजारी गेला. भाचा म्हणाला, ‘नाही मामा, उलटं. डीलर आधी छोटा ढीग सोडवतो, मग मोठा.’ म्हणजे घड्याळ लावून बसलो तर शेवटचा ढीग सुटला तेव्हा दोघेही एकदमच गेले. आधी-नंतर काही नाहीच.

मग परतीच्या विमानात, कागदावर आकडे मांडता मांडता, मला त्या नियमाची दुसरी बाजू दिसली. समजा बाईंकडे एकेचाळीसच हजार असते. तेच पत्ते, तोच नव्वा. भाचा बाद झाला असता आणि शेजाऱ्याकडे दोन हजार उरले असते. नाकाशी आलेले पाणी म्हणा, पण माणूस टेबलावर राहिला असता. ज्या फटक्याने भाचा बुडाला, तेवढ्याच फटक्याने शेजारी बुडाला नसता. त्याला बुडवायला आणखी थोडा जोर लागला. नियम तो ‘आणखी थोडा’ मोजतो. पूर्वीच्या श्रीमंतीला दिलेले ते बक्षीस नव्हे. माझा बँकेवरचा शेरा मी मनातल्या मनात मागे घेतला.

पण यापेक्षा मला आवडला तो याच नियमाचा दुसरा भाग.

बबल जवळ आला की एक लबाडी सुरू होते. ज्याच्याकडे थोड्याच चिप्स उरल्या आहेत तो एकेका पत्त्यावर मिनिटेच्या मिनिटे विचार करत बसतो. विचार कसला, तो वाट बघत असतो की दुसऱ्या टेबलावर कोणीतरी आधी मरावे. यावर उपाय म्हणून सगळी टेबले डावाला डाव जोडून चालवतात. प्रत्येक टेबलाने एकच डाव खेळायचा आणि थांबायचे. सर्वांचा संपला की पुढचा. एखाद्या टेबलाचा डाव वीस सेकंदांत संपतो, एखाद्याचा चार मिनिटे चालतो, पण दोन्हीकडे जे बाद होतील ते एकाच वेळी बाद झाले असे धरायचे. घड्याळाला तिथे किंमत नाही. आणि अशा वेळी वेगवेगळ्या टेबलांवर दोघे बाद झाले तर? तर त्यांच्यात क्रम लावायचाच नाही. दोघांचा नंबर सारखा, आणि दोन्ही जागांचे बक्षीस एकत्र करून निम्मे निम्मे.

म्हणजे भाच्याबरोबर बुडालेला तो गृहस्थ पलीकडच्या टेबलावर बसलेला असता, तर भाच्याला एकशेपंचाहत्तर डॉलर मिळाले असते. शेजारी बसला म्हणून काही नाही!

हे ऐकल्यावर पुन्हा माझा पारा चढला. पलीकडच्या टेबलावरच्या चिप्स मोजता येत नाहीत काय? येतात. मोजून कोण जास्तीचा हे सांगताही येते. तरी नियम मोजत नाही. कारण ते दोन फटके वेगळे होते. समोरची माणसे वेगळी, पत्ते वेगळे. एकाला जो फटका बसला तो दुसऱ्याला बसला असता तर काय झाले असते, याला अर्थ नाही. जिथे तुलनेला आधार आहे तिथे एका चिपचाही फरक मोजायचा, आणि जिथे आधार नाही तिथे हात वर करून ‘हे दोघे सारखे’ म्हणायचे, हे त्या जुगाऱ्यांनी ठरवून टाकले आहे. सभ्य माणसांच्या किती संस्थांना हे जमते?

आता माझे दुखणे सांगतो. १९८३मध्ये मी आणि माझा एक मित्र एकाच बँकेत एकाच दिवशी रुजू झालो. एकच परीक्षा, एकच तुकडी, एकच रुजू होण्याची तारीख. ज्येष्ठतेच्या यादीत कोणाला तरी वर लिहायला हवे होते. बँकेचा नियम असा की रुजू होण्याची तारीख सारखी असेल तर वयाने मोठा तो ज्येष्ठ. त्याची जन्मतारीख १ जून, माझी १२ जून, साल एकच. अकरा दिवसांनी तो माझ्या वर गेला. पुढे १९९४मध्ये ज्येष्ठतेच्या कोट्यात बढतीची एकच जागा निघाली आणि ती त्याला मिळाली. मला आणखी तीन वर्षे थांबावे लागले. त्या तीन वर्षांत माझी बदली अशा गावी झाली की मुलीची शाळा आणि आईचे औषधपाणी दोन्ही दुसऱ्यांवर सोपवावे लागले. त्याचा तपशील इथे नको.

१ जून ही तारीख वाचून वाचकांच्या चेहऱ्यावर हसू आले असेल. आमच्या पिढीत निम्म्या वर्गाचा वाढदिवस १ जूनला असायचा. पोराला शाळेत घालायला आणले की मास्तर अंदाजाने साल धरायचे आणि तारीख १ जून टाकून मोकळे व्हायचे. माझ्या मित्राचेही तेच झालेले. त्याची आई सांगायची की हा पोळ्याच्या सुमाराचा. म्हणजे प्रत्यक्षात तोच माझ्याहून दोन-अडीच महिन्यांनी लहान! हे त्याने स्वतःच मला एकदा चहा पिताना सांगितले आणि आम्ही दोघेही पोट धरून हसलो. माझे हसणे जरा लवकर थांबले असावे.

त्याच्यावर माझा राग नाही. राग त्या यादीवर आहे. ते अकरा दिवस खरे असते तरी त्यांनी काय मोजले असते? आधी जन्मलेला माणूस लेजर जास्त चांगले लिहितो असे थोडेच आहे? २०१९च्या क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना आठवा. लॉर्ड्सवर न्यूझीलंड २४१, इंग्लंड २४१. सुपर ओव्हरमध्ये पुन्हा दोघांच्या पंधरा-पंधरा धावा. मग कोणी जास्त चौकार-षटकार मारले ते मोजून इंग्लंडला विश्वविजेते ठरवले. धावा सारख्याच असताना त्या कशा काढल्या हे मोजायचे कारण काय, हा प्रश्न त्या रात्री आपल्या घराघरांत विचारला गेला, आणि त्याच वर्षी आयसीसीने तो नियम बदललाही. आमची यादी बदलली नाही. आम्ही दोघे ३० जून २०१९ला एकाच दिवशी निवृत्त झालो. निरोप समारंभात हार आधी त्याच्या गळ्यात पडला, यादीप्रमाणे.

असे असले तरी काही ठिकाणी क्रम लावल्यावाचून गत्यंतर नसते, हेही मी त्याच नोकरीत पाहिले आहे. १९८९ची गोष्ट. मी एका तालुक्याच्या गावी शाखेत होतो. दोघे भाऊ मालाच्या ट्रकमधून जात होते, घाटात ट्रक दरीत गेला. वर काढले तेव्हा दोघेही गेलेले होते. थोरला अविवाहित, त्याची आमच्याकडे अठरा हजारांची ठेव, नाव कोणाचेच लावलेले नाही. आईवडील आधीच वारलेले. मागे एक लग्न झालेली बहीण आणि धाकट्याची बायको, चोवीस-पंचवीस वर्षांची, कडेवर मुलगी.

ही ठेव कोणाची? थोरला मागे राहिला असेल, एका मिनिटाने का होईना, तर सगळी ठेव बहिणीची. धाकटा मागे राहिला असेल, तर थोरल्याच्या ठेवीला भाऊ आणि बहीण सारखे वारस, आणि धाकट्याचा निम्मा वाटा त्याच्या मागे बायकोला आणि मुलीला. दरीच्या तळाशी कोणाचा श्वास आधी थांबला यावर नऊ हजार रुपये अवलंबून होते. १९८९मध्ये, कडेवर मूल असलेल्या बाईला, नऊ हजार ही रक्कम काय होती हे सांगायला नको.

इथे पोकरसारखे ‘दोघे सारखे’ म्हणून चालत नाही. मेलेल्या दोघांना निम्मे निम्मे देता येत नाही. एकाकडून दुसऱ्याकडे जाण्याची वाट असते, तिला दिशा लागते. म्हणून १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात एकविसावे कलम आहे. दोघे अशा रीतीने गेले की कोण आधी ते कळत नाही, तर उलट सिद्ध होईपर्यंत धाकटा मागे राहिला असे धरायचे. इथेही वयच मोजले आहे, हे मला कळते. पण कायदा ‘धाकटा मागे राहिला’ असे म्हणत नाही, ‘असे धरा’ म्हणतो. कोणी पुरावा आणला तर ते मोडायची तयारी ठेवतो. आमच्या यादीत ‘धरा’ हा शब्द कुठेही नव्हता.

बहिणीचा नवरा शाखेत आला होता. चांगला, कष्टाळू माणूस. टेबलावर दोन्ही हात ठेवून त्याने मला विचारले, ‘साहेब, तुम्ही पाहिलं का, धाकटा मागं राहिला ते?’ मी म्हटले, नाही. ‘मग कोणी पाहिलं?’ कोणीच नाही. त्याला कायद्याचे कलम वाचून दाखवण्यापलीकडे माझ्याजवळ उत्तर नव्हते. बहीण बाकावर बसली होती. ती शेवटपर्यंत एक शब्द बोलली नाही, पण कोर्टातून वारसाचा दाखला आला तेव्हा पैसे घ्यायला दोघी नणंद-भावजया एकाच एस.टी.ने आल्या.

भाच्याच्या बाबतीत माझी एक तक्रार अजून शिल्लक आहे. त्याचे आणि शेजाऱ्याचे अंतर दोन हजारांचे होते. ते कुठून आले? या खेळात दर डावाला पाळीपाळीने एकाला सक्तीची मोठी रक्कम आधीच टाकावी लागते. तेव्हा ती आठ हजार होती. भाच्याची पाळी आदल्याच डावात येऊन गेली होती, शेजाऱ्याची त्या डावात होती. भाचा एक खुर्ची डावीकडे बसला असता, तर त्याच्याकडे त्या क्षणी एकोणपन्नास हजार असते आणि सत्ताविसावा तो ठरला असता. आणि खुर्ची मिळाली होती चिठ्ठीने. म्हणजे इतका विचारपूर्वक केलेला नियम, पण तळ खणत गेले की तिथेही कुठल्यातरी मास्तरांनी टाकलेली १ जून निघतेच. हे मी भाच्याला फोनवर सांगितले. तो म्हणाला, ‘मामा, तेवढं पत्त्यात असतंच.’ ते मला मान्य आहे. पत्त्यात असते ते ज्येष्ठतेच्या यादीत का असावे, याचे उत्तर मात्र तो सॉफ्टवेअरवाला देऊ शकला नाही.

त्या संध्याकाळचे एक सांगायचे राहिले. आम्ही दोघे हॉलच्या बाहेर एका टेबलाशी बसलो होतो. तो सत्ताविसावा गृहस्थ आपले साडेतीनशे डॉलर घेऊन आला, चाळिशीचा, दाढीवाला, बहुधा ट्रक चालवणारा. त्याने भाच्याच्या पाठीवर थाप मारली, ‘दोन चिप्स!’ असे म्हणून दोन बोटे दाखवली, आणि विचारलेसुद्धा नाही, काउंटरवर जाऊन तिघांसाठी कॉफी घेऊन आला. भाच्याने घेतली. मी कॉफी पीत नाही. चहा मागितला तर त्यांनी बर्फ घातलेला आणून दिला.